चित्र भिंतीवर, कविता पुस्तकात

पडद्यावर रेडा आहे. मानेवर जू, पोटऱ्यांपर्यंत चिखल, मागे नांगराचं रुमणं धरून वाकलेला माणूस. कोकणात आषाढातली चिखलणी पाहिलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. पण चित्र जपानी आहे, आणि ते काढणाऱ्याने जन्मात कधी रेडा पाहिलेला नसणार. जपानच्या मुख्य बेटांवर भातशेती व्हायची ती बैलावर किंवा घोड्यावर. पश्चिमेकडे बैल, पूर्वेकडे घोडा, असा ढोबळ हिशेब. म्हशी तिथे नव्हत्याच. तरीही ‘शिकी कोसाकु-झू’, म्हणजे चार ऋतूंमधल्या शेतीची चित्रं, या परंपरेतल्या कित्येक घडीच्या पडद्यांवर (खोलीत आडोशाला उभ्या करायच्या चौकटींवर) रेडा आपला निवांत उभा असतो.

हा रेडा चीनमधून आला, कागदावर बसून. बाराव्या शतकात हांगचौजवळच्या एका तालुक्यावर लौ शू नावाचा अधिकारी होता, आपल्याकडच्या मामलेदारासारखा. त्याने शेतकऱ्यांची कामं बघून चित्रं काढली: भाताची २१, रेशमाची २४. प्रत्येक चित्राला त्याने एक कविता जोडली आणि सगळा संच सम्राटापुढे ठेवला. या चित्रांच्या नकला जपानात पोचल्या. लियांग काई या चिनी चित्रकाराच्या हातची प्रत आशिकागा शोगुनांच्या, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशांच्या, संग्रहात होती, आणि तिच्यावरून कानो घराण्याच्या चित्रकारांनी पिढ्यान् पिढ्या शेतं रंगवली. क्योतोच्या दाइतोकु-जी मंदिराच्या आवारातल्या दाइसेन-इन या मठाची सरकती दारं कानो युकिनोबूने १५१३च्या सुमारास अशीच शेतीच्या चित्रांनी सजवली.

लौ शूच्या भाताच्या मालिकेतलं शेवटचं, एकविसावं चित्र कोठार भरण्याचं आहे. त्यावरची त्याची कविता मला या सगळ्या परंपरेची किल्ली वाटते. तिचा आशय असा: थंडी पडली आहे, बैल गोठ्यात आहे, वर्ष सरतं आहे आणि धान्य कोठारात गेलं आहे. म्हातारा शेतकरी ओसरीवर पाठ उन्हात शेकत पडला आहे, जरा सुखात आहे. पण शेतसाऱ्याची चिंता मनात आहेच. कारकुनांची ये-जा सुरू होते. सरकारी देणं चुकतं होतं, आणि मग घरात पोर जेवण मागत रडून आकांत करतं.

अधिकाऱ्याने सम्राटाला दिलेल्या नजराण्यात ही शेवटची ओळ होती, याचं मला फार अप्रूप वाटतं. आता जपानी पडदे बघा. पेरणी आहे, लावणी आहे, लावणीच्या वेळचा ढोल आहे, कापणी, मळणी, पाखडणी आहे, पोती आहेत, कोठार आहे. रडणारं पोर नाही. १६७६ साली कानो एइनोने या चिनी संचाची छापील आवृत्ती जपानात काढली, म्हणजे मूळ ग्रंथ कुणाला अनोळखी होता असंही नाही. पण कविता पुस्तकात राहिली आणि चित्र भिंतीवर चढलं. भिंतीवर वर्ष कोठारापाशी संपतं आणि नजर पुन्हा पेरणीकडे वळते. पडदा सहा घड्यांचा, जोडीने बारा. या ऋतूतून त्या ऋतूत जाताना मध्ये धुक्याचा नाहीतर सोनेरी ढगांचा पट्टा. सारा वसूल करणारा कारकून त्या ढगात गेला असावा.

ही चित्रं कुणासाठी होती, तर मंदिरांच्या प्रमुखांसाठी, सरदारांसाठी, शोगुनासाठी. त्यांचा हेतू उपदेशाचा होता असं अभ्यासक सांगतात: राज्यकर्त्याने रोज भिंतीकडे बघावं आणि आपल्या ताटातला भात कुठून येतो ते आठवावं. हेतू चांगला होता हे मला मान्य आहे. पण तोकुगावा शोगुनांच्या काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) सरदाराची पतच ‘कोकु’त मोजली जायची. एक कोकु म्हणजे सुमारे १८० लिटर तांदूळ, ढोबळमानाने एका माणसाचं वर्षाचं पोट. कागा प्रांताचे माएदा हे दहा लाख कोकुंचे धनी. सामुराईचा पगार तांदळात, कर्ज तांदळावर. अशा घरातल्या शेतीच्या चित्राला उपदेश म्हणायचं की खतावणी? मला ती खतावणीच वाटते, फक्त जमेची बाजू तेवढी रंगवलेली.

याच कागा प्रांताशी कुसुमी मोरिकागेचं नाव जोडलेलं आहे. सतराव्या शतकातला हा माणूस कानो तानयूच्या सर्वांत हुशार शिष्यांपैकी एक. पुढे मुलगी एका तरुणाबरोबर निघून गेली, मुलगा भानगडीत सापडून सादो बेटावर हद्दपार झाला, आणि मोरिकागे कानो घराण्यापासून तुटला. (मुलगी कियोहारा युकिनोबू स्वतः नावाजलेली चित्रकार झाली, हे सहसा तळटीपेत ढकललं जातं.) त्याने शेतीचे पडदे पुष्कळ काढले. काही चिनी वळणाचे, पण काहींत त्याने चिनी माणसं काढून टाकली आणि जपानी शेतकरी, जपानी झोपड्या आणल्या. एवढं करायला चित्रकलेला शंभरावर वर्षं लागली होती.

मोरिकागेचं सर्वांत मोठं चित्र मात्र तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेला दोन घड्यांचा पडदा आहे, ‘संध्याकाळचा गारवा’ या विषयावरचा. तो राष्ट्रीय ठेवा मानला जातो. मी तो छापील प्रतीतच पाहिला आहे, भिंग धरून. मांडवावर युगाओची वेल आहे, म्हणजे आपला दुधीच. रात्री फुलणारी त्याची पांढरी फुलं जपानी कवितेत पार दरबारापर्यंत गेली. इथे ती झोपडीच्या वळचणीला परत आली आहेत. खाली चटई. पुरुष पालथा पडून हातावर गाल टेकून आहे, अंगात पातळ सदरा. त्याची रेघ जाड, खरबरीत. बाईची रेघ बारीक, मऊ. कमरेच्या वर ती उघडी आहे आणि केस मोकळे आहेत. मागून पोर डोकावतं आहे. तिघंही एकाच दिशेला बघत आहेत. वर डावीकडे चंद्र, फिकट आणि मोठा. बाकी सगळा कागद मोकळा.

हे चित्र किनोशिता चोशोशी या जपानी कवीच्या एका कवितेवर बेतलेलं आहे असं मानतात, लौ शूच्या नव्हे. पण मला ते ओसरीवर पाठ शेकणाऱ्या म्हाताऱ्याचं सख्खं भावंड वाटतं. कारकून यायच्या आधीची तेवढी घटका. शेतकरी इथे काहीच करत नाही, म्हणून तो कुणाला काही पटवूनही देत नाही. आपण कष्टाळू आहोत, समाधानी आहोत, राजा न्यायी आहे, यातलं काहीही सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर नाही. जपानी चित्रकलेतलं शेतकऱ्याचं सर्वांत खरं चित्र शेतीचं नाही, असं मी म्हणेन, आणि जाणकारांनी खुशाल भांडावं.

जनावरांच्या बाबतीत मात्र चित्रकार पहिल्यापासून मोकळे होते. जनावर समाधानी आहे की नाही हे राजाला दाखवायचं नव्हतं. तेराव्या शतकात दरबाऱ्यांच्या गाड्या ओढणाऱ्या नामी बैलांची एकेकटी चित्रं काढली गेली, कातडीची चमक आणि डोळ्यातली मस्ती टिपून. सोळाव्या शतकातल्या तबेल्याच्या पडद्यांवर प्रत्येक घोड्याला स्वतंत्र खण आणि स्वतंत्र स्वभाव आहे. कुणी खूर आपटतो, कुणी मान वळवतो. समोर माणसं सोंगट्या खेळत बसली आहेत आणि खांबाला माकड बांधलं आहे, कारण माकडाने घोड्याचं आजारपण दूर राहतं अशी समजूत होती. झेन पंथात बैल तर मनाचंच रूप झाला: आधी त्याला शोधायचं, मग वेसण घालायची, मग विसरायचं. आपल्याकडे पैठणला रेड्याकडून वेद म्हणवून घेतले. जनावराकडून माणसाने काय काय करून घेतलं नाही!

पण हे सगळे बैल-घोडे धन्याघरचे. शेतकऱ्याचा घोडा बघायला मी थेट १८५७मध्ये येतो. हिरोशिगे या छापचित्रकाराने एदो शहराची (आजच्या तोक्योची) शंभरावर दृश्यं काढली, त्यातलं एक नाइतो शिंजुकूचं. चित्रभर घोड्याचे मागचे पाय. ढुंगण, शेपूट, आणि खुरांना बांधलेले गवताचे जोडे, कारण तिकडे लोखंडी नाल ठोकायची रीत नव्हती. खाली जमिनीवर लीद, ताजी. गाव या पायांच्या फटीतून दिसतं. हा कोशू रस्त्यावरचा टप्पा. एदोच्या आसपासचे शेतकरी घोड्यांवर भाजी लादून शहरात यायचे आणि परत जाताना शहराचं सोनखत घेऊन जायचे. त्याबद्दल घरमालकाला पैसे किंवा भाजी द्यायचे. राजधानीचं आणि शेताचं नातं त्या शेणामुतात होतं. कानो घराण्याच्या शेकडो पडद्यांपेक्षा मला हे पाय जास्त सांगतात.

त्याच मालिकेत, त्याच वर्षीचं दुसरं चित्र तर कॅलेंडरवर, पिशव्यांवर, कपांवर जगभर फिरतं. खिडकीच्या गजांआड पांढरं मांजर बसलं आहे, पाठमोरं, गुबगुबीत. बाहेर आसाकुसाची भातशेतं, दूर फुजी, आणि शेतांमधून जत्रेला चाललेली माणसांची रांग. बहुतेकांना हे फारच गोड वाटतं. खिडकी योशिवारा या एदोच्या वेश्यावस्तीतल्या कोठीची आहे. तिथल्या पुष्कळ मुली गरीब शेतकऱ्यांच्या घरातून, कर्जापायी विकल्या गेलेल्या असत. चित्रात मुलगी नाही. तिच्या केसात खोवायचे काटे जमिनीवर आहेत, पंचा आणि वाडगं आहे. शेताकडे टक लावून मांजर बघतं आहे. हिरोशिगेला यातलं किती म्हणायचं होतं, हा वाद निरर्थक आहे. त्याने सगळ्या वस्तू जिथल्या तिथे ठेवल्या. कप विकणाऱ्यांनी फक्त मांजर ठेवलं.

माझं भांडण इथून सुरू होतं आणि ते चित्रकारांशी नाही. चित्रकार बातमीदार नव्हता, त्याला गिऱ्हाईक होतं, त्याने ठरलेल्या चौकटीत जमेल तेवढं पाहिलं. भांडण आहे ते आज त्या चित्राखाली पाटी लिहिणाऱ्यांशी. ‘निसर्गाशी एकरूप झालेलं ग्रामजीवन’ या धर्तीचं वाक्य या पडद्यांना इतकं चिकटलं आहे की ते कुणी तपासतही नाही. आपल्याकडेही जपानबद्दल फिरणारे संदेश बघा, त्यांत हीच साखर असते: ते लोक म्हणे पशुपक्ष्यांना सोबती मानतात.

सोबती? १७०० ते १७०९ या काळात त्सुशिमा बेटावर सुयामा तोत्सुआन नावाच्या अधिकाऱ्याने बेटाचे भाग पाडले, कुंपणं घातली आणि एकेका भागातून रानडुकरं मारत बेट रिकामं केलं. सुमारे ८० हजार डुकरं. आणि हे चाललं ते शोगुन त्सुनायोशीच्या राज्यात, ज्याने प्राणिदयेचे कायदे करून एदोत कुत्र्यांसाठी निवारे बांधले होते. तोत्सुआन क्रूर नव्हता. डुकरं पीक खात होती आणि माणसं उपाशी मरत होती. कवितेत आणि पडद्यावर मात्र शरद ऋतू आला की हरणाची आर्त साद ऐकू येते. ज्याच्या शेतात ते हरीण शिरतं, तो रात्रभर माळ्यावर बसून फळ्या वाजवतो. आजही हरीण, रानडुक्कर, माकडं, पक्षी असे सगळे रानटी जीव मिळून जपानी शेतीचं वर्षाला दीड हजार कोटी येनहून जास्त नुकसान करतात.

आणखी एक माणूस पडद्यावर शोधून सापडत नाही. बैल मेल्यावर काय? मेलेली गुरं उचलणं, कातडं सोलणं, कमावणं हे काम गावाबाहेरच्या ‘कावाता’ लोकांचं होतं. सामुराईचं चिलखत, खोगीर, ढोल त्यांच्या हातून जायचे, आणि त्यांच्याशी शिवाशीव पाळली जायची. १८७१च्या फर्मानाने हा दर्जा कागदावर संपवला. लग्न आणि नोकरी जमवताना तो पुढेही विचारला जात राहिला. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला यावर टीप नको. आपल्या बैलपोळ्याच्या चित्रातही शिंगांना हिंगूळ असतो, गळ्यात घुंगरमाळ असते. चामड्याचं सामान कुणी केलं ते नसतं.

जाकुचूचा अपवाद कुणी काढेल, तर काढावाच. इतो जाकुचू हा क्योतोच्या निशिकी बाजारातल्या भाजीच्या घाऊक व्यापाऱ्याचा थोरला मुलगा. अंगणात कोंबड्या पाळून त्यांच्याकडे वर्षानुवर्षं बघत बसणारा. त्याच्या कोंबड्यांचे तुरे बघितले की सकाळच्या बांगेचा भास होतो. त्याने भाजीपाल्याचं महानिर्वाणही रंगवलं: मध्ये पालथ्या टोपलीवर मुळा आडवा, बुद्धासारखा, आणि भोवती भोपळे-वांगी शोक करताहेत. चाळिशीत दुकान भावाकडे सोपवून हा फक्त चित्रांतच रमला, अशी त्याची गोष्ट सांगितली जायची. कागदपत्रं वेगळं सांगतात. १७७१मध्ये प्रतिस्पर्धी बाजाराच्या खटपटीमुळे निशिकी बंद पडायची वेळ आली, तेव्हा जाकुचूने जवळजवळ तीन वर्षं सरकारदरबारी खेटे घातले, भाजी आणणाऱ्या गावांना पाठीशी उभं करायची खटपट केली आणि १७७४मध्ये वार्षिक भरण्याच्या अटीवर बाजार वाचवला. मुळ्याला बुद्ध करणाऱ्या माणसाला मुळ्याचा भाव ठाऊक होता. त्याच्या प्रदर्शनांत कोंबड्यांपुढे रांगा लागतात. बाजाराची ही गोष्ट माहिती-पुस्तिकेत मागच्या पानावर असते.

पाटीवरच्या एका वाक्याने काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. बिघडतं, कारण त्या वाक्याचं धोरण होतं. २०१०मध्ये नागोयाला जैवविविधतेची आंतरराष्ट्रीय परिषद भरली तेव्हा जपानने ‘सातोयामा’ उपक्रम जगापुढे मांडला. सातोयामा म्हणजे गाव, शेत आणि मागचा डोंगर मिळून होणारा पट्टा. ध्येय, निसर्गाशी सुसंवाद. ते चुकीचं आहे असं मी अजिबात म्हणत नाही. भाताची खाचरं, पाटाचं पाणी, सरपणाची राई यांत खरोखर असंख्य जीव राहतात. पण सुसंवाद ही जुनी जपानी सवय आहे, ती फक्त पुन्हा आठवायची आहे, असं एकदा मानलं की पैसे कोण देणार हा प्रश्न असभ्य वाटायला लागतो.

तोयोओकाचं उदाहरण मला यासाठी आवडतं. पाइनच्या झाडावर बसलेला क्रौंच जपानी चित्रांत जागोजागी आहे. क्रौंच झाडावर बसत नाही. झाडावर बसतो तो करकोचा, आणि चित्रकारांनी दोघांची सरमिसळ केली असावी. खऱ्या करकोच्याशी शेतकऱ्याचं मुळीच जमत नव्हतं, तो लावलेली रोपं तुडवायचा. मग फवारणीची औषधं आली, बेडूक-मासे गेले, आणि १९७१मध्ये ह्योगो प्रांतातल्या तोयोओकात रानातला शेवटचा करकोचा मेला. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी २००५मध्ये पुन्हा सोडले. ते टिकावेत म्हणून शेतकऱ्यांनी हिवाळ्यात खाचरात पाणी ठेवलं, बेडूकमाशांना पाय फुटेपर्यंत शेत कोरडं करायचं लांबवलं, औषधं कमी केली. हे पक्षिप्रेमाने झालं, आणि भावानेही झालं: त्या खाचरांतला तांदूळ करकोच्याच्या नावाने चढ्या भावाने विकला जातो. सुसंवादाची किंमत पिशवीवर छापलेली आहे. मला त्यात काहीच कमीपणा दिसत नाही.

याच्या उलट चित्र २०२५च्या मे महिन्यात दिसलं. तांदळाची पाच किलोची पिशवी ४,२०० येनच्या वर गेली होती, वर्षभरापूर्वीच्या साधारण दुप्पट. सरकारी साठा बाहेर काढायची वेळ आली. त्यातच कृषिमंत्री एतो ताकू एका भाषणात म्हणाले की आपण तांदूळ कधी विकत घेतलेला नाही, समर्थक भरपूर आणून देतात. काही दिवसांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. शेती हाच मुख्य धंदा असलेल्या जपानी माणसाचं सरासरी वय आदल्या वर्षी, २०२४मध्ये, ६९च्या आसपास होतं. मंत्र्यांचं ते वाक्य लोकांना इतकं झोंबलं, पण खरं तर ते भिंतीवरच्या पडद्याचंच वाक्य होतं. तांदूळ येतो. ऋतू बदलतात, पोती भरतात, आणि तांदूळ आपल्या दारात येतो.

कागा प्रांतातच, मोरिकागेनंतर काही दशकांनी, १७१७मध्ये त्सुचिया मातासाबुरो नावाच्या एकेकाळच्या गावप्रमुखाने शेतीच्या वर्षाचं महिनावार सचित्र पुस्तक केलं. त्याला सरदाराच्या दिवाणखान्याशी कर्तव्य नव्हतं. कोणत्या महिन्यात कोणतं काम, ते त्याला मांडायचं होतं. १८२६मध्ये ओकुरा नागात्सुनेने किडीवर पुस्तक काढलं, त्यात खाचरात देवमाशाचं तेल सोडून तुडतुडे कसे मारायचे याची चित्रं आहेत. या पुस्तकांत कलाकुसर बेताची आहे, म्हणून ती वेगळ्या दालनात, वेगळ्या खात्यात, बहुतेक वेळा कपाटात असतात. पडदा कलेच्या मजल्यावर, पुस्तक इतिहासाच्या.

ती एका खोलीत आणावीत, एवढीच माझी मागणी आहे. मोरिकागेच्या पडद्यासमोर काचेच्या पेटीत मातासाबुरोचं पुस्तक उघडून ठेवा, लावणीचा महिना समोर येईल असं. बाजूला हिरोशिगेचा घोडा लावा, लिदेसकट. आणि कोठाराच्या घडीखाली जी पाटी आहे, तिच्यावरचं एकरूपतेचं वाक्य पुसून तिथे लौ शूच्या एकविसाव्या कवितेतल्या शेवटच्या दोन ओळी लिहा: सरकारचं देणं चुकतं झालं, आता पोर जेवण मागत ओरडतं आहे. चिनीत ती दहा अक्षरं आहेत. पाटी बदलावीही लागणार नाही.